निर्दय नाईक मरतो आणि प्रेक्षक घड्याळ बघतो

प्रश्न असा आलाय: "सर, माझ्या दोन अंकी नाटकातला नाईक खाडीतल्या एका कल्पित बेटाचा प्रमुख आहे. फार कठोर. दुष्काळात कोठारातलं धान्य चोरलं म्हणून त्याने सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचा हात तोडलाय. शेवटी शत्रू बेटाला वेढा घालतो. नाईक रात्रीच्या ओहोटीत बायकापोरांना चिखलातून पलीकडे काढतो, स्वतः मागे थांबून मरतो आणि मरताना सांगतो, वीस वर्षांनी परत या आणि हिशेब चुकता करा. भांडुपला मित्रांपुढे दोनदा वाचन केलं. पहिला अंक सगळ्यांना आवडला. शेवटाला कुणी हललं नाही. एक मैत्रीण म्हणाली, तुझा नाईक शेवटच्या पानावर एकदम साने गुरुजी होतो. काय चुकतंय?"

तुझी संहिता दोनदा वाचली. एकदा घरी, आणि एकदा दादर ते बदलापूर, चक्क बसायला जागा मिळाली तेव्हा. मैत्रिणीचा कान चांगला आहे, पुढच्या वाचनालाही तिला बोलव. दुखणं तिने अचूक सांगितलंय. ते कुठून आलं एवढंच मी दाखवतो.

पहिला अंक लिहिताना तू नाईकाला घाबरत होतास. म्हणून तिथे एकेक वाक्य जपून पडलंय. मेहुण्याचा हात तोडायला निघताना तो बहिणीला विचारतो, "जेवलीस का?" ही जागा मला फार आवडली. दुसऱ्या अंकात कुठेतरी तू त्याच्या प्रेमात पडलास, आणि प्रेमात पडलेला लेखक पात्राची पापं धुवायला बसतो. मग आलं अडीच पानांचं स्वगत. त्यात मेहुण्याची माफी, आईची आठवण, दर्याला नमस्कार, सगळं आहे. मरणाच्या दारात माणूस विरघळतो, यात खोटं काही नाही. पण विरघळलेल्या माणसाच्या तोंडी "वीस वर्षांनी सूड घ्या" हे वाक्य बसत नाही. ज्याला आपण केलेल्या हालांची लाज वाटली, तो आठ वर्षांच्या पोराच्या गळ्यात सूड कशाला बांधेल?

नाईकाने आयुष्यभर माणसं खर्ची घातली. मेहुणा घातला, किनाऱ्यावरची दोन गावं घातली. त्या रात्री वहीत एकच नाव उरतं, त्याचं स्वतःचं, आणि तेही तो त्याच हाताने, त्याच शाईने खर्चाच्या बाजूला लिहितो. त्याच्या मरणात मला प्रायश्चित्त दिसत नाही, त्याच्या निर्दयपणाचं ते शेवटचं काम आहे. त्या कामाची किंमतही तो भरत नाही. तो सुटतो. किंमत भरतात ती चिखलातून चालत गेलेली पोरं. तुझं नाटक तिथे आहे आणि तू पडदा त्याच्या आधीच पाडलास.

याला जुळणारा इतिहासातला माणूस हवा असेल तर हॅमिल्कार बार्का घे. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या नगरराज्याचा सेनापती, पुढे रोमला जेरीस आणणाऱ्या हॅनिबलचा बाप. लेकाचं नाव सगळ्यांना माहीत असतं, नाटक मात्र बापात आहे.

रोमशी पहिलं मोठं युद्ध कार्थेज इ.स.पू. २४१ मध्ये हरलं. सिसिली गेलं, ३,२०० टॅलेंट (चांदी तोलायचं त्या काळचं मोठं वजन) चांदीचा दंड बसला. हॅमिल्कार सिसिलीत स्वतः हरलेला नव्हता. न हरता हत्यार खाली ठेवावं लागलं, ते त्याच्या मनात राहिलं. घरी परततो तो पगार थकलेल्या भाडोत्री सैनिकांचं बंड उसळलेलं. सुरुवातीला तो पकडलेल्या बंडखोरांना सोडून देत होता, हवं तर माझ्या सैन्यात या म्हणत होता. बंडवाल्यांनी कार्थेजच्या कैद्यांना हालहाल करून मारलं, तसं त्याने धोरण फिरवलं आणि हाती लागेल तो कैदी हत्तीच्या पायी द्यायला लावला. पुढे बंडवाल्यांचं मोठं सैन्य त्याने डोंगरात कोंडलं, माणसं माणसांना खाऊ लागेपर्यंत उपाशी ठेवलं आणि मग संपवलं. पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार मेलेल्यांचा आकडा ४०,००० च्या वर देतो. याच धामधुमीत रोमने सार्डिनियाही बळकावलं आणि वर आणखी १,२०० टॅलेंट मागितले.

इथे एक गोष्ट टिपून ठेव. दया आणि क्रौर्य, दोन्ही त्याने हिशेबाने वापरलं. एकाने काम होईना तेव्हा दुसरं काढलं. असा माणूस रागावत नाही. रागावणारे पुढारी रंगमंचावर स्वस्तात मिळतात.

इ.स.पू. २३७ च्या सुमारास तो स्पेनला निघाला. गेलेलं भरून काढायला चांदी आणि माणसं तिकडे होती. निघण्यापूर्वी देवाला बळी दिला, बाकीच्यांना बाजूला व्हायला सांगितलं, नऊ वर्षांच्या हॅनिबलला जवळ बोलावलं आणि प्रेमाने विचारलं, येतोस का माझ्याबरोबर? पोरगं हरखलं, हट्टच धरून बसलं. मग बापाने त्याचा हात धरून वेदीपाशी नेलं आणि बळीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की रोमचा मित्र कधी होणार नाही. ही हकीकत हॅनिबलने स्वतः, पराभवानंतर परक्या राजाच्या दरबारात आसरा घेतला असताना सांगितली. चाळीसेक वर्षं लोटली होती तरी बापाने आधी लाडाने विचारलं होतं, हे तो विसरला नव्हता.

शपथ घेणाऱ्या मुलाला वाटत होतं की आपल्याला सहलीला नेताहेत. हा प्रवेश तुझ्या नाटकात नाही, आणि तो पहिल्या अंकात हवा.

हॅमिल्कारच्या मरणाच्या कथा एकापेक्षा जास्त आहेत. पॉलिबियस म्हणतो तो लढाईत शौर्याने पडला. डायोडोरस या दुसऱ्या ग्रीक इतिहासकाराची कथा आपल्या कामाची. इ.स.पू. २२८ च्या आसपास स्पेनमध्ये एका वेढ्याच्या वेळी, दोस्तीचं नाटक करून आलेल्या एका स्थानिक राजाने दगा दिला आणि हॅमिल्कारला पळ काढावा लागला. मुलं बरोबर होती. त्याने स्वतः वेगळी वाट धरली, पाठलाग आपल्यामागे ओढून घेतला, घोडा मोठ्या नदीत घातला आणि बुडाला. हॅनिबल आणि त्याचा भाऊ सुखरूप पोचले.

तिथे भाषण नाही. नदीच्या आवाजात ऐकणार कोण? सांगायचं ते त्याने नऊ वर्षांपूर्वी वेदीपाशी सांगून ठेवलं होतं, म्हणून मरताना त्याला तोंड उघडायची गरज पडली नाही. तू आज्ञा आणि मरण एकाच पानावर ठेवलंस. त्यामुळे आज्ञा मरणाच्या रडारडीत बुडते आणि मरण आज्ञेच्या भाषणात. दोन्हींमध्ये अख्खा एक अंक जाऊ दे.

आणखी एक. बाप गेला तेव्हा हॅनिबल जेमतेम अठरा-एकोणीसचा. सेनापतीपद त्याच्याकडे यायला इ.स.पू. २२१ उजाडलं. मधली वर्षं कारभार हॅमिल्कारच्या जावयाने पाहिला, आणि त्याने तलवारीपेक्षा तहांवर, सोयरिकींवर भर दिला. म्हणजे बापाचं वैर सांभाळलं कुणी, तर बाहेरून शांत दिसणाऱ्या माणसाने. तुझ्या वीस वर्षांत वैर कोण सांभाळणार? पोरं सांभाळत नाहीत. पोरांना भूक लागते, नवे मित्र मिळतात, पलीकडच्या गावची भाषा येते, एखादी मुलगी आवडते. मला विचारशील तर बेटावर असा एकच माणूस आहे ज्याला काही विसरता येणं शक्य नाही. तो थोटा मेहुणा.

बघ जरा. नाईकाला पोरं कुणाच्या तरी हाती द्यायचीत. जिवलग सरदार आहेत, पण प्रेम करणारा माणूस दोन पावसाळ्यांत सावरतो. नाईक हे ओळखतो आणि पोरं त्याच्या हवाली करतो, जो त्याचा सर्वांत जास्त द्वेष करतो. म्हणजे पोरांबरोबर तू कापलेल्या हाताची आठवणच पाठवतोयस. आणि नाईकाचा भाचा तर या मेहुण्याचाच मुलगा. मामाचा सूड घ्यायचा की मामावर? आपल्याकडे मामा हे नातंच मुळात अवघड आहे. कंस मामा, शकुनी मामा. तुझ्या हाती आयता धागा होता आणि तू तो माफीनाम्यात घालवलास.

शकुनीवरून सांगतो. कीर्तनात नि पारावर सांगितली जाणारी सुबलाची कथा तू ऐकली असशील. व्यासांच्या महाभारतात ती नाही, तिथे सुबल राजसूयाला पाहुणा म्हणून हजर आहे. पण लोकांनी ती रचली, कारण शकुनी एवढा का जळतो याचं कारण त्यांना हवं होतं. गांधारचा राजा सुबल आणि त्याचे शंभर मुलगे कैदेत पडले. कैदेत कुणी टाकलं यावर एकमत नाही, कुणी भीष्माचं नाव घेतं, कुणी दुर्योधनाचं. रोज माणशी एक दाणा भात. सुबलाने ठरवलं की सगळे दाणे एकानेच खायचे, जो सर्वांत हुशार त्याने. बाकीचे भावाला घास जाताना बघत मेले. मरण्यापूर्वी बापाने शकुनीचा पाय मोडला, प्रत्येक पावलाला आठवण राहावी म्हणून. आणि सांगितलं, माझ्या हाडांचे फासे कर, ते तुझं ऐकतील.

मला या कथेत पायाची जागा सगळ्यात भयंकर वाटते. उपाशी बाप उरलेली ताकद लेकाला मिठी मारण्यात घालवत नाही, त्याचा पाय मोडण्यात घालवतो. आणि तरी तो बाप आहे यात क्षणभरही शंका येत नाही. तुझ्या नाईकाला ही जागा सापडली पाहिजे. शिवाय इथे आठवण शब्दांत ठेवलेली नाही, लंगड्या पायात आणि हाडांत ठेवलीय. रंगमंचावर वस्तू बोलते तसं वाक्य बोलत नाही. फासे पटावर पडले की बाप बोलला. तुझ्याकडे कोठाराची किल्ली आहे, पहिल्या अंकात तीन वेळा येते आणि मग गायब होते. ती कुठे गेली?

या कथेचा हिशेबही बघ. कुरुकुळ बुडालं, ठीक. शकुनी अठराव्या दिवशी सहदेवाच्या हातून मेला. गांधारच्या पदरात काय पडलं? हॅमिल्कारचंही तेच. हॅनिबलने आल्प्स ओलांडले, इ.स.पू. २१६ मध्ये इटलीतल्या कॅनीला रोमन सैन्याची अशी कत्तल केली की ती लढाई आजही लष्करी शाळांत शिकवतात. त्याचा धाकटा भाऊ हॅस्द्रुबल, त्याचं मुंडकं रोमनांनी हॅनिबलच्या छावणीपुढे आणून टाकलं. इ.स.पू. २०२ मध्ये आफ्रिकेत झामाच्या लढाईत हॅनिबल हरला, म्हातारपणी परमुलखात विष घेऊन मेला आणि इ.स.पू. १४६ मध्ये रोमने कार्थेज जमीनदोस्त केलं. बाप नदीत बुडाला तेव्हा त्याने लोकांचं भविष्य वाचवलं, की गहाण टाकलं? हे तू ठरवू नकोस. प्रेक्षकांनी गाडीत भांडावं यावर.

आता जरा व्यवहाराचं. प्रेक्षकाला बलिदान पटतं ते गणित समजल्यावर. नेसरी आठव. २४ फेब्रुवारी १६७४, प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. खानाला सोडून दिल्याबद्दल महाराजांचा ठपका जिव्हारी लागला होता. आपण ती गोष्ट ऐकून आजही गहिवरतो, पण ते मानाचं मरण आहे, योजनेचं नाही. सैन्य सरनौबताविना उरलं, सावरायला मागच्यांना झटावं लागलं. याउलट येसूबाई. १६८९, संभाजी महाराजांची हत्या झालेली, रायगडाला वेढा पडतोय. त्यांनी राजाराम महाराजांना गडाबाहेर काढलं आणि स्वतः लहानग्या शाहूंसह मागे राहिल्या. गड पडला. सुटका झाली १७१९ मध्ये, तीस वर्षांनी. सगळे एका गडावर सापडले तर राज्य संपतं, हा हिशेब त्या घडीला त्यांना सुचला. त्या निर्दय नव्हत्या, त्यामुळे तुझ्या नाईकाशी त्यांची तुलना करत नाही. पण "मी इथे थांबल्याने काय साधतं" याचं उत्तर तिथे स्वच्छ आहे.

तुझ्या नाटकात ते धूसर आहे. नाईक मागे का थांबतो? तोही चालत जाऊ शकला असता की. भरती ते ओहोटी साधारण सहा तास, चिखल ओलांडायला पोरांना समज तीन. शत्रूची गलबतं गाळात बसलीत, पण त्याचे हशम बेटावर उतरलेत. सगळी माणसं अजून गढीतच आहेत असं त्यांना वाटलं पाहिजे, म्हणून गढीत चुली पेटत्या राहायला हव्यात, रोजच्या वेळी नाईक तटावर दिसायला हवा. असं काहीतरी ठोस कर. मग तो मेला की प्रेक्षक मनात तास मोजेल. आणि पाणी चढायला लागलं की त्याच्या पोटात गोळा येईल, भाषणाने येणार नाही.

भाषणावरून एक जुनी गंमत. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका ऐतिहासिक नाटकाचा दिग्दर्शक होतो. शेवटाला सरदार मरायचा, चार मिनिटांत. पहिल्याच प्रयोगाला टाळी पडली. नटाला चव लागली. तिसाव्या प्रयोगापर्यंत तो नऊ मिनिटं मरत होता, मध्ये दोनदा उठून बसत होता. त्याच्यानंतर सरदाराच्या बायकोचा छोटासा प्रवेश होता, नाटकाचा सगळा अर्थ त्यात. तो सुरू होईपर्यंत मागच्या रांगा कर्जत-कसाऱ्याची गाडी पकडायला उठलेल्या असायच्या. ती बाई रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलायची. एका रविवारी लाइटवाल्याने पाचव्या मिनिटाला अंधार केला. नट त्याच्यावर धावून गेला, मी लाइटवाल्याला चहा पाजला. मुंबईत नाटक लिहिताना शेवटची गाडी हेही एक पात्र असतं.

म्हणून नाईकाला मध्यंतराच्या आधी मार. दुसरा अंक वीस वर्षांनंतरचा कर.

आता तुला अवघड जाणारी गोष्ट, वारस. मी लालबागच्या चाळीत वाढलो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. आमच्या मजल्यावर एक पुढारी होता, फार मोठा नव्हे, आमच्या आळीपुरता. चोरून कामावर जाणाऱ्याचा डबा भर गॅलरीत गटारात ओतायचा. त्याच्या चपलांचा आवाज आला की बायका दारं लोटायच्या. काही महिन्यांनी लोक मोडायला लागले, कोकणात परतायला लागले. तेव्हा त्याने स्वतःची खोली विकली आणि त्या पैशांतून मजल्यावरच्या आठ घरांना शिधा भरला. माझी आई म्हणाली, देवमाणूस. वडील म्हणाले, देव कसला, उपाशी आहे असं सांगून कामावर जायची आता कुणाला सोयच ठेवली नाही त्याने. दोघंही खरं बोलत होते. तुझ्या नाईकाला असं काहीतरी करायला लाव, ज्यावर एकाच घरात दोन मतं पडतील.

तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. त्या पुढाऱ्याच्या डोक्यात तर तो शेवटपर्यंत चालूच होता. म्हातारपणी नातवाला गच्चीवर नेऊन गिरण्यांच्या चिमण्या मोजायला शिकवायचा, कुठली कुणाची, कुणी काय बुडवलं, सगळं पाठ करून घ्यायचा. तो नातू आता गिरणीच्या जागेवर झालेल्या एका मॉलमध्ये बुटांच्या दुकानात आहे. मध्ये भेटला. म्हणाला, "काका, आजोबांनी सगळं पाठ करून घेतलं. चिमण्याच राहिल्या नाहीत, आता मोजू काय?" हसत म्हणाला, पण मोजणं त्याचं सुटलेलं नाही. दुकान बंद करून निघाला की वर बघतो म्हणाला.

तुझ्या भाच्याला वीस वर्षांनी हे वाटलं पाहिजे. पलीकडच्या किनाऱ्यावर तो होडीवाला झालाय, शत्रूच्याच माणसांना भाड्याने ने-आण करतो, त्यांच्यातला एक त्याचा जुगारातला सोबती आहे. आणि थोटा बाप रोज रात्री किल्ली ताटाशेजारी ठेवतो. काही बोलत नाही. संवाद लिहिण्याआधी हे जेवण लिही. आई वाढते आहे, तिने दोघांमध्ये कुठे बसायचं हे ठरव. नाईकाने तिला विचारलेलं "जेवलीस का?" तिथे कुणाच्या तोंडी येईल, याचा विचार कर. माझ्या मनात एक नाव आहे, पण ते तुझं तू शोध.

माफीचं स्वगत काढ. फारच जीव अडकला असेल तर वहीत ठेव, नाटकात नको. नाईक मेहुण्याच्या हातात किल्ली देतो तेव्हा त्याला एकच वाक्य असू दे, तेही कामाचं: चिखलात डाव्या बाजूने जा, उजवीकडे पाय रुततो. मेहुण्याने "हो" सुद्धा म्हणू नये.

नवी प्रत झाली की पाठव. या वेळी मोठ्याने वाचताना घड्याळ लाव आणि प्रत्येक प्रवेशाची मिनिटं कोपऱ्यात लिहून आण. वाचन माझ्याकडे ठेवू, रविवारी सकाळी, आणि त्या मैत्रिणीला नक्की घेऊन ये.